लांबच्या गावची दाढ

प्रयोगशाळेत जुन्या दातांचा चुरा करणाऱ्या या बाईंना कुणी "कुठल्या तुम्ही?" असं विचारलं, की उत्तर तयार असायचं, "लांबची." चार वर्षांच्या असताना कुणीतरी त्यांना याच शहराच्या बसस्टँडवर सोडून गेलं होतं. अनाथालयातली पोरं त्यांना 'पार्सल' म्हणत. सांभाळणाऱ्या मावशी मात्र समजूत घालायच्या, "लांबच्या बसमधून आलीस गं तू. एवढ्या लांबून परत यायला कुणाला जमतंय?" आई येत नाही, कारण गाव लांब आहे. तेवढ्या एका आधारावर बाईंनी पन्नाशी गाठली.

कामही नशिबाने तसलंच मिळालं. खडकातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य पाण्यात उतरतं, तिथून लहान मुलाच्या दातात जातं आणि ठाण मांडून बसतं. खडक बदलला की त्याच्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण बदलतं. त्यावरून हजारो वर्षांपूर्वी मेलेला माणूस कुठलं पाणी पिऊन वाढला, ते कळतं. मेलेल्यांची गावं शोधण्यात बाईंचा हातखंडा होता. स्वतःची पहिली पक्की दाढ किडून काढावी लागली, तेव्हा ती त्यांनी रुमालात बांधून थेट कामावर आणली. तिचं वरचं कवच वयाच्या पहिल्या तीन वर्षांत बनतं. म्हणजे बसस्टँडच्या आधी.

आकडा आला, तो याच शहराच्या पाण्याचा.

बाई स्वतःवरच वैतागल्या. दातात इथल्याच पाण्याचा आकडा आला की आधी प्रयोगशाळेच्या नळावर संशय घ्यायचा, ही तिथली रीत. विसळताना नळाचं पाणी लागलं असणार! उरलेला तुकडा घेऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. सोबत दात न घातलेली, तो विरघळवायच्या नुसत्या आम्लाची बाटलीही तपासली. ती स्वच्छ निघाली. दाढेचा आकडा तोच. भिंतीवरच्या खडकांच्या नकाशात त्या आकड्याचा रंग शहरामागच्या टेकडीभोवती होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.

"अहो, तुम्ही तर इथल्याच निघालात!" प्रयोगशाळेचे सर खुशीत म्हणाले. "आता पार्टी द्या."

बाई हसल्या. दुसरं काय करणार?

घरी जाताना त्या बसस्टॉपवर टेकल्या. इथल्याच. म्हणजे आईने तीन-चार वर्षं इथलंच पाणी पाजलं, वाढवलं आणि मग हाताला धरून चालत नेऊन सोडलं. लांब काही नव्हतंच. बाजारात ती कितीदा समोरून गेली असेल, कदाचित ओळखूनसुद्धा. इतकं एकटं बाईंना अनाथालयातही वाटलं नव्हतं.

शेजारी बसलेल्या म्हातारीने पिशवी सरकवून घेतली. "नीट बस गं. कुठली तू?"

बाईंनी तिचं कपाळ पाहिलं, कान पाहिले, हनुवटी पाहिली. मग नजर रस्त्याकडे वळवली.

"लांबची," त्या म्हणाल्या.