गोरक्षसारखी लेन्स

नवनाथला गोरक्षचा हेवा वाटायचा, आणि हे त्याच्या बायकोपासून गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आपला हेवा कुणाच्या लक्षात आलेला नाही असं वाटणारा दापोडीत एकच माणूस होता, तो म्हणजे नवनाथ.

दोघं तळवड्याच्या एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला, शेजारशेजारच्या मशीनवर. नवनाथ कळंबकडचा. कामासाठी इकडे आला आणि दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला एका खोलीत संसार थाटून बसला. गोरक्ष चाकणजवळच्या गावचा, घरची शेती, गोठ्यात बैल. दोघांनाही फोटोचं वेड, आणि कॅमेरेही एकाच कंपनीचे, म्हणजे याची लेन्स त्याच्या कॅमेऱ्याला बसायची.

नवनाथकडे कॅमेऱ्यासोबत मिळालेली एकच छोटी लेन्स होती. पण तिच्यात अख्खी खोली मावायची. डोहाळजेवण असो, साखरपुडा असो, भिंतीला पाठ लावून किंवा पत्र्याच्या पेटीवर चढून तो दाटीवाटीतली माणसं अशी बसवायचा की कुणाचा कान कापला जायचा नाही आणि गॅसची टाकीही दिसायची नाही. गल्लीत कार्य निघालं की आधी नवनाथची सुट्टी कधी ते विचारलं जायचं. एवढा मान होता. पण दुसऱ्याच्या ताटातलं गोड लागण्याची खोड माणसाला लागली की स्वतःच्या ताटातलं श्रीखंडही आंबूस लागतं.

गोरक्षकडे लांबची लेन्स होती, चांगली दंडाएवढी. बैलगाडा शर्यतीच्या घाटाच्या कडेला उभा राहून तो असे फोटो काढायचा की बैलांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत, नाकपुड्या फुललेल्या आणि मागे नुसता धुरळा. चैत्रात त्यातलाच एक फोटो यात्रेच्या फ्लेक्सवर झळकला, तोही कंपनीच्या वाटेवरच्या चौकात, कोपऱ्यात गोरक्षचं नाव. बसमधली पोरं ओरडली, "गोरक्षभाऊ, एक नंबर!" नवनाथही ओरडला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मग त्या दिवशी त्याला डबा गोड लागला नाही. खोलीतल्या बायकांचे फोटो कोण फ्लेक्सवर लावणार? फ्लेक्स सोडा, ते घरच्या कपाटातच जायचे.

त्याच आठवड्यात तो पिंपरीला उद्धवरावांच्या दुकानात गेला. निशिगंधाला सातवा महिना होता, तरी तीही सोबत आली. उद्धवराव कॅमेरे विकता विकता म्हातारे झालेले. ते म्हणाले, "माणसानं आधी आपण कुठं उभं राहतो ते बघावं, मग लेन्स घ्यावी. छोटी आहे ती राहू द्या. जोडीला ही पन्नास एमएमची घ्या. जवळचे चेहरे छान येतात, कमी उजेडातही चालते. घरात बाळ येतंय, कामाला येईल. लांबची मागाहून बघू."

"गोरक्षनं कुठली नेलीय?" नवनाथनं विचारलं.

"तो घाटावर उभा राहतो हो."

"मग मी काय नाल्यात उभा राहतो? तीच दाखवा."

निशिगंधा पोटावर हात ठेवून म्हणाली, "अहो, लेकराला काय रस्त्यापलीकडून बघणार का?" उद्धवराव हसले. नवनाथ हसला नाही. लांबची लेन्स घेऊनच तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यानं ती सगळ्यांसमोर बॅगेतून काढली. गोरक्ष जळेल, निदान गप्प तरी होईल, अशी त्याची फार इच्छा होती. पण गोरक्षला आनंदच झाला.

"आरं, झ्याक केलंस! आता ये घाटावर. मी दावतो कुटं उभं ऱ्हायचं ते. पर तुज्या त्या बारक्या लेन्सचं काय? मला खोलीतलं फोटू जमत न्हाईत राव. भनीच्या हळदीला निस्ती मुंडकीच आली समद्यांची."

"घेऊन जा की," नवनाथ लेन्सवरची नसलेली धूळ पुसत म्हणाला. "मला काय करायचंय आता ते खेळणं?"

"खरंच? लागंल तवा मागून घे बग. तुजीच हाय ती."

त्या छोट्या लेन्सच्या झाकणावर निशिगंधानं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, कुणाच्या सामानात मिसळू नये म्हणून. ठिपक्यासकट लेन्स गोरक्षच्या बॅगेत गेली. नवनाथ एकदा घाटावर जाऊनही आला. त्याच्या फोटोंत बैलांच्या शेपट्या आल्या, धुरळा आला, आणि एकात गोरक्षची पाठ फार स्वच्छ आली.

मुलगी झाली. निशिगंधाचं माहेर लांब, म्हणून बारसं दापोडीतच ठरलं. मधल्या दिवसांत नवनाथनं लेकीचे फोटो काढायचा प्रयत्न केला, पण लांबची लेन्स जवळचं बघायलाच तयार नसायची. तो मागे मागे सरकत मोरीपर्यंत पोचायचा, आणि मग फक्त एक गाल यायचा, तोही हललेला. निशिगंधा दोनदा म्हणाली, "गोरक्षभावजींकडून ती आपली लेन्स आणा ना." आणतो म्हणाला, आणली नाही. गोरक्षसमोर हात पसरायचा, आणि तोही स्वतःच्याच वस्तूसाठी, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

बारशाच्या दिवशी खोलीत मुंगीला जागा नव्हती. मधोमध झेंडू बांधलेला पाळणा, भोवती बायका. पुरुषमंडळी रिवाजाप्रमाणे बाहेर गल्लीत, खुर्च्यांवर. बारशाला बायकांच्या घोळक्यात शिरायची मुभा पुरुषाला एकाच कारणानं मिळते, हातात कॅमेरा असेल तर. नवनाथ शिरला. डोळ्याला कॅमेरा लावला, तर त्याच्या बहिणीच्या, दीपमालाच्या, अंबाड्यापलीकडे काही दिसेना. तो दारात आला, तर शेजारणीचा खांदा आला.

तेवढ्यात गोरक्ष पोचला, गळ्यात कॅमेरा. त्यानं नवनाथची ओढाताण पाहिली, आणि काही न विचारता आपल्या कॅमेऱ्याची लेन्स काढून पुढे केली. तीच, लाल ठिपक्याचं झाकण असलेली.

"घे, लाव. लेकीचा फोटू बापानं काढाया पायजे."

नुसता हात पुढे करायचा होता. नवनाथनं लेन्सकडे पाहिलं, मग मागे खुर्च्यांवर बसलेल्या कंपनीतल्या पोरांकडे. गोरक्षनं उपकाराचा आव आणला असता तर त्याला बरं वाटलं असतं. निदान रागावता आलं असतं. पण समोरचा चेहरा अगदी साधा, मनापासूनचा. फोटोही याचे चांगले आणि मनही याचंच चांगलं!

"राहू दे," तो म्हणाला. "माझ्या लेन्सनं लई भारी येतो. जरा मागं जावं लागतं एवढंच."

आणि तो मागे गेला. पायरी उतरला, चपलांचा ढीग ओलांडला, लावलेल्या गाड्यांमधून वाट काढत समोरच्या घराच्या भिंतीला जाऊन टेकला. तिथून मात्र दाराच्या चौकटीत पाळणा दिसला, दीपमाला बाळाच्या कानाशी वाकलेली दिसली. त्यानं श्वास रोखला, आणि मधून पाण्याचे जार लादलेला टेम्पो आला. टेम्पो गेला तोवर आतून एकच गलका उठला. आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं होतं, आणि बायका हसत तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालत होत्या. आपल्या मुलीचं नाव स्वरूपा ठेवलं, हे बापाला खुर्च्यांवरच्या पोरांकडून कळलं.

तो फोटो गोरक्षनं काढला. मोठा करून, फ्रेम घालून स्वतः आणून दिला. घाटावर कधी जमला नसेल असा जमला होता: दीपमालाचं हसू, तिच्या पाठीवर पडणारे हात, पाळण्यात दचकलेली स्वरूपा, निशिगंधाच्या डोळ्यांतलं पाणी. कुणाचा कान कापलेला नाही, गॅसची टाकी कुठं नाही. नवनाथच्याच लेन्सनं नवनाथसारखा फोटो काढला होता, आणि तो नवनाथनं काढला नव्हता. मागे उघड्या दारातून गल्लीपलीकडची भिंत आली होती. भिंतीशी एक माणूस उभा होता, आणि त्याच्या तोंडाच्या जागी काळी, गोल लेन्स होती.

निशिगंधानं फ्रेम दारासमोरच लावली. आता घरी येणारा प्रत्येक जण चपला काढतानाच म्हणतो, "वा नवनाथ! काय फोटो काढलायस रे!"

पहिल्यांदा कुणीतरी असं म्हणालं तेव्हा नवनाथ नुसता हसला, मान जराशी खाली घालून, खऱ्या मानकऱ्यासारखा. चारदोन क्षण तो फोटो त्याचा झालाही.

मग ओट्याशी उभ्या निशिगंधानं, चहा गाळता गाळता, मागे वळूनही न बघता सांगितलं, "तो गोरक्षभावजींनी काढलाय. हे बाहेर होते."