सीट पुढे कोणी घेतली

आमच्या घरात ही गोष्ट कोणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, माहेरी तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — एवढंच असेल. समोरासमोर बसलो असतो तर मी पुन्हा काहीतरी वेगळंच बोलले असते. स्वतःबद्दल तेवढं मला आता कळलंय.

गोष्ट गाडीची आहे. म्हणजे, आमच्याकडे ती गाडीची म्हणूनच सांगतात.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली. सासूबाई गेल्या आणि आम्ही जुन्या शहरातलं, महाल भागातलं भाड्याचं घर सोडून शहराच्या टोकाला बेस्याला स्वतःच्या घरात आलो. तेव्हापासून त्यांचं सगळं बाहेरचं जग त्या गाडीवर टिकून होतं. दर शनिवारी चार वाजता ते महालात जायचे. जुने मित्र, कॅरम, तर्री-पोहे, आणि दिवे लागायच्या आत परत. बेस्याहून तिकडे जायला रिक्षा मिळते हो. पण स्वतः गाडी घेऊन जाणं वेगळं, हे तुम्हालाही माहीत असेल.

गाडीला पंधरा वर्षं होत आली आणि घरात वाद सुरू झाला. पुन्हा पासिंग करायचं तर बरंच काम होतं. खालचा पत्रा सडलेला, क्लच गेलेला, रंग उडालेला. माझा नवरा प्रशांत म्हणायचा, "बाबा, कायले ठेवता आता तिले? द्या काढून." बाबा म्हणायचे, "इंजिन पाहिलं का तू? अजून दहा वर्षं काही होत नाही तिले." मानेवाड्याच्या मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने खाली वाकून, ठोकून पाहिलं आणि सांगितलं, करून घ्या, चालेल. शेवटी एका रविवारी जेवताना मी बाबांच्या बाजूने बोलले आणि प्रशांतने हात टेकले. गाडी दुरुस्त करायची ठरली.

सून असूनही सासऱ्यांची बाजू घेते म्हणून माझं कौतुक झालं. पण खरं कारण सांगू? मी गाडी शिकत होते. बाबाच शिकवायचे, आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटांमधून, मुरमाच्या रस्त्यावर. प्रशांतला ते पसंत नव्हतं. नवीन गाडी आली असती तर तिच्या चाकाला त्याने मला हात लावू दिला नसता. ती जुनी गाडी राहणं ही माझी गरज होती. बाबांची होती की नाही, याचा विचार मी तेव्हा केला होता का? आठवत नाही.

त्याच आठवड्यातला गुरुवार. बाबा चुलतभावाकडे साखरपुड्याला कामठीला गेले होते, भाचा येऊन घेऊन गेला होता. प्रशांत ऑफिसात, मुलगी रुची शाळेत. किल्ली खिळ्याला लटकलेली. माझ्याकडे शिकाऊ लायसन्स होतं, एकटीने गाडी बाहेर काढायची नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी काढली. कळमन्याच्या फळबाजारात जाऊन संत्र्यांची पेटी आणायची, संध्याकाळी सगळ्यांसमोर ठेवायची आणि सहज म्हणायचं — मीच आणली, गाडीने. इतकंच डोक्यात होतं. इतकं लहान.

कळमन्यापर्यंत पोचलेसुद्धा. आत मालाच्या गाड्यांच्या गर्दीत घाबरले, मागे घ्यायला गेले आणि डावीकडचा मागचा दरवाजा एका पिवळ्या लोखंडी खांबावर घासत नेला. मोठा आवाज झाला. हमाल ओरडले, "अरे मॅडम, पीछे तो देखो!" मी खाली उतरूनही पाहिलं नाही. संत्री घेतली नाहीत. तशीच घरी आले. गाडी पोर्चमध्ये लावताना चेपलेली बाजू भिंतीकडे येईल अशी लावली. बाबा नेहमी तशीच लावायचे. त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटणार नव्हतं.

रात्री सांगेन, म्हटलं. नाही सांगितलं. शुक्रवारी सकाळी सांगेन, म्हटलं. शुक्रवार गेला.

शनिवारी बाबा नेहमीसारखे महालात गेले आणि आले. प्रशांत फाटक उघडायला गेला आणि त्याला तो चेपलेला दरवाजा दिसला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते.

"बाबा, कुठं ठोकली?"

"काय ठोकली? मी काहीच नाही ठोकली."

"हे काय आहे मग?"

बाबा खाली उतरून बघतच राहिले. त्यांचा चेहरा मी पाहिला. तेव्हाच बाहेर जाऊन तोंड उघडायला हवं होतं — पोळी तव्यावर होती, पण ती जळली असती तर काय बिघडलं असतं?

त्या दिवसापासून घरात संशय शिरला. प्रशांतला वाटलं, बाबा लपवतायत. बाबांना वाटलं, कोणीतरी आपल्या गाडीला धडक देऊन गप्प बसलंय. आणि मला? मला वाटायला लागलं, बाबांना माझं कळलंय आणि ते मुद्दाम बोलत नाहीयेत. जेवताना त्यांनी भाजीचं कौतुक केलं तरी मी दचकायची. आज का कौतुक करतायत? याआधी कधी केलं होतं? "तू दमलेली दिसतेस" म्हणाले, तर रात्रभर त्या एका वाक्याचा अर्थ लावत बसले.

दरवाज्यावर पिवळा रंग घासला गेला होता. शेजारच्या ढोमण्यांचा टेम्पो पिवळा. बाबा जाऊन ढोमण्यांना भर रस्त्यात बोलले. खूप बोलले. इतकी वर्षं शेजार — ढोमणेकाका एवढंच म्हणाले, "साहेब, तुमच्या गाडीले मी काहून हात लावीन?" आणि आत निघून गेले. बाबांनी मोजपट्टी आणली. आधी आमच्या दरवाज्याची उंची मोजली, मग टेम्पोच्या बंपरची. जन्मभर मोजमाप केलेला माणूस. मापं जुळली नाहीत. ते पट्टी गुंडाळत परत आले, गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मग ते सरळ स्वयंपाकघरात आले. मी कोथिंबीर निवडत होते.

"एक गोष्ट सांग वं," ते म्हणाले. "शनिवारी मी गाडी काढाले गेलो तं सीट पुढे होती. माझे गुडघे लागले स्टिअरिंगले. मी मागे घेतली अन् निघालो. तेव्हा ध्यानात नाही आलं. सीट पुढे कोणी घेतली असेल?"

मी उंचीला कमी आहे. शिकताना सीट पुढे घ्यावी लागायची, रोज त्यांनीच घेऊन दिली होती आणि शिकवून झालं की तेच मागे घ्यायचे. त्या घरात सीट पुढे घेणारं माझ्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं. मला वाटलं, झालं, पकडलं. हे माझ्याशी खेळतायत. त्यांना उत्तर माहीत आहे आणि ते माझ्या तोंडून वदवून घेतायत.

आता तुम्हीच बघा मी काय केलं. मी गप्प बसू शकले असते. "माहीत नाही" म्हणू शकले असते. मी वर बघून अगदी शांतपणे म्हणाले, "बाबा, तुम्हीच घेतली होती की. बुधवारी. गुडघा दुखतो, ब्रेकवर नीट जोर येत नाही म्हणाला होतात ना?"

असं ते कधीच म्हणाले नव्हते. ते वाक्य मी तिथेच, कोथिंबीर निवडता निवडता रचलं.

 "मी म्हटलं होतं?"

"हो बाबा."

"तुले म्हटलं?"

"हो."

त्यांच्या डोळ्यांत संशय आला. मी वाट बघत होते, की तो माझ्यावर येईल. तो माझ्यावर आलाच नाही. त्यांनी तो स्वतःवर घेतला, माझ्यासमोर, मी बघत असताना. कारण मी खोटं बोलेन हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. घरात त्यांची बाजू घेणारी मीच होते ना?

"असेल," ते म्हणाले. "मंग माझ्याच हातून झालं असेल."

त्या संध्याकाळी प्रशांतने मला विचारलं, बाबा तुला काही बोलले का. आणि मी त्यालाही तेच सांगितलं. गुडघा. ब्रेकवर जोर येत नाही. हे दुसऱ्यांदा सांगताना मला अडखळायलाही झालं नाही. प्रशांत पांढराफटक पडला. म्हणाला, "कोणाच्या अंगावर गेली असती म्हणजे?" दुरुस्तीचा विषय तिथेच संपला. विकायची की ठेवायची, हा प्रश्न आता गाडीचा राहिलाच नव्हता.

बाबांनी भांडण केलं नाही. स्वतः किल्ली काढून प्रशांतच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ढोमण्यांकडे गेले. मी फाटकापाशी उभी होते. "माझ्याच हातून ठोकली होती, ढोमणे. आठवण राहत नाही आताशा. माफ करा," असं त्यांनी हात जोडून म्हटलेलं मी ऐकलं. ढोमणेकाका फार ओशाळले. मी घरात गेले.

गाडी जुन्या गाड्या घेणारा एक जण घेऊन गेला. मला त्या दिवशी माहेरी काम निघालं होतं. काढलं होतं.

प्रशांतने बाबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बरंच काही विचारलं, आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं काढून घेतली आणि सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहे सगळं. तुम्हाला वाटेल, आता तरी सुटले असतील. बाबांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. "त्याले काय माहीत? तो काय घरात राहते?" मग ते गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघायला लागले. कुलूप लावून परत येऊन ओढून बघायचे. आणि प्रत्येक गोष्ट मला विचारायचे. मी गोळी घेतली का वं? पेपरवाल्याले पैसे दिले का? माझं उत्तर आलं की त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. जिने त्यांचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा मोडला, तिच्याकडेच ते खात्री करून घ्यायला यायचे.

शनिवारी रिक्षाने जा म्हटलं, तर दोनदा गेले. मग नको म्हणाले. तिथल्या रस्त्यांवर चुकलो तर? मित्रांचे फोन काही महिने आले.

मी सांगायचा प्रयत्न केला. हे माझ्या बाजूने म्हणून सांगत नाही, झालं म्हणून सांगते. साधारण वर्षाने, दुपारी, बाबा रिकाम्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मी समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. कळमना, खांब, हमाल, भिंतीकडे लावलेली बाजू. आणि सीट. ती मीच पुढे घेतली होती बाबा, तुम्ही गुडघ्याचं कधीच बोलला नव्हतात.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू लय चांगली आहे," ते म्हणाले. "पण माझ्यासाठी खोटं नको बोलू, बाई. मले चांगलं आठवते. बुधवारी गुडघा ठणकून राहिला होता. मीच घेतली सीट पुढे. तुलेच तं सांगितलं होतं मी, याच दारात उभा राहून."

मी अजून एकदा म्हणायला हवं होतं. प्रशांतला बोलावून त्याच्यासमोर सांगायला हवं होतं. त्याने विश्वास ठेवला असता — त्याला माझं ड्रायव्हिंग माहीत होतं. मी उठले. आणि उठताना मला काय वाटलं, ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर बाबांची ती गोष्ट वाढत गेली. आलेल्या पाहुण्यांना ते आता सगळं सांगतात. महालातली अरुंद गल्ली, मध्येच आडवं आलेलं कुत्रं, ब्रेकवर न पडलेला पाय, पिवळा खांब. दरवेळी एखादा तपशील नवा असतो. न लाजता सांगतात. माणसाने आपली चूक कबूल करावी, म्हणतात.

रुची आता अठराची झाली. मागच्या आठवड्यात तिचं शिकाऊ लायसन्स आलं. आजोबांनी तिला शेजारी बसवून तीच गोष्ट सांगितली, सावध राहा म्हणून. ती ऐकून माझ्याकडे आली. मी कपाट आवरत होते.

"आई, आजोबांनी खरंच ठोकली होती का गं?" ती म्हणाली. "मला नाही वाटत. ते चमचासुद्धा जागच्या जागी ठेवतात. मला काहीतरी वेगळंच वाटतं."

ती माझ्याकडे बघत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. बाबा बाहेर झोपले होते.

"हो," मी म्हणाले. "त्यांनीच ठोकली होती."