करंजाचा वास

पेणच्या खाडीकाठी चामडं टिकत नाही. इथल्या वाऱ्यातच मीठ आहे. नवी वहाण एका उन्हाळ्यात वाळल्या शेंगेसारखी कडक होते आणि पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी चढते. अशा मुलखात जनू चर्मकाराच्या हातची वहाण कित्येक पावसाळे काढायची. हे सांगताना आमच्याकडची माणसं छाती पुढे काढत, जणू ती वहाण त्यांनीच शिवली होती.

जनूचं दुकान म्हणजे एस.टी. स्टँडाबाहेर पिंपळाखाली बांधलेलं गोणपाटाचं छप्पर. त्याची बायको मैना रोह्याच्या पलीकडची, अष्टमीची. कुंडलिकेच्या काठी करंजाची झाडं आहेत. तिची भावजय त्यांच्या बिया वेचायची, घाण्यावरून तेल काढून आणायची, आणि ते कडू तेल बाटलीत भरून रोह्याहून गाडीने पेणला यायचं. डोंगरातल्या ठाकरांकडून मधाच्या पोळ्याचं मेण मिळायचं. दोन्ही मंद निखाऱ्यावर एकजीव करून जनू ते तळव्याने चामड्यात जिरवायचा. फडकं कधी वापरलं नाही. "फडकं तेल पितं, हात तेल देतो," म्हणायचा.

पण खरं काम तेलाच्या आधीचं. खारं झालेलं चामडं गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. वरून ते कोरडं होतं, पोटात मात्र ओल राहते. त्या ओलीवर तेल बसलं तर ती आतच कोंडते आणि चामडं आतून कुजतं. ही ओल डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. ती फक्त वासाने कळते. म्हणून जनू तेलाला हात घालण्याआधी चामडं नाकाशी धरून डोळे मिटायचा. त्याचा बापही तसंच करायचा.

शेजारचा चहावाला रघू ते बघून हसायचा. "जन्या, तुझं नाक पोलिसात पाठव. फौजदार होईल!"

"मग पहिला तुलाच पकडंल," जनू म्हणायचा. "कालची पावडर आज उकळतोस."

चौऱ्याण्णव सालच्या पावसात जनूला ताप आला. ताप उतरला, पण जाताना त्याचं नाक घेऊन गेला. पाऊस थांबला तरी ते परत आलं नाही. जनूने हे कुणाला सांगितलं नाही. एके दिवशी मैना भाकर घेऊन दुकानात आली आणि छपराखाली वाकताच तिने पदर नाकाला लावला.

"अवो, इथं उंदीर मेलाय. तुमच्या बसकुराखालीच हाय. वास नाय येत तुमाला?"

"येतो की. काम सोडून उंदराच्या मागं लागू?"

मैनाने उंदीर काढून टाकला. त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या हाताकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

दिवाळीच्या सुट्टीत चंद्रावती आली. तिचा नवरा काळुराम मिठागरात कामाला होता. त्यांची मुलगी दिशा लहानपणी तापात एका पायाने अधू झालेली. मुंबईच्या डॉक्टरने तिला लोखंडी पाय दिला होता. दोन सळ्या, आणि त्यांना मांडीवर आवळायचा रुंद चामडी पट्टा. त्या पायाच्या जोरावर पोरगी मिठागराच्या बांधावरून चालत शाळेत जायची. खाऱ्या वाऱ्याने पट्टा लाकूड झाला होता आणि मांडीला कापत होता.

"सुट्टी संपायच्या आत दे, जनूदादा," चंद्रावती म्हणाली. "पाय नाय तर शाळा नाय."

"देतो गो बाय. लोण्यावानी करून देतो."

जनूने पट्टा धुतला, सावलीला टांगला. सुट्टी संपत आली तसा त्याने तो उतरवला, दाबून पाहिला, गालाला लावला. कोरडा वाटला. मग सवयीने नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"माझ्याकडं द्या जरा," मैना म्हणाली.

"कशाला?"

"वास बघते."

"आमच्या घरात बायकांनी कधी चामड्याला नाक लावलं नाय," जनू म्हणाला आणि त्याने तेलाची वाटी पुढे ओढली.

पट्टा खरंच लोण्यासारखा झाला. चंद्रावतीने वळवून पाहिला आणि ती खूश होऊन गेली.

थंडी पडली तेव्हा ती पुन्हा आली. पट्टा तिने फडक्यात बांधून आणला होता. दिशा तिच्या कडेवर होती. एवढी मोठी पोरगी, पाय लोंबत होते.

"काय झालं?"

"मांडीला फोड आले, दादा. पिकले. पोरीनं बरेच दिस लपवलं, शाळा बुडंल म्हणून. आता टेकवत नाय." चंद्रावती थकून खाली बसली. "हिचा बाप म्हणतो, खाऱ्याची बाधा हाय. लोखंड माळ्यावर टाक नि पोरीला घरात ठेव. चार अक्षरं आली, बास झाली."

खाऱ्याची बाधा. जनूने नुसतं एवढं म्हणणं पुरे होतं, की व्हय बाय, खाऱ्यापुढं कुणाचं चालतं? चंद्रावतीने मुकाट मान हलवली असती. लोखंड माळ्यावर गेलं असतं.

त्याने फडकं सोडलं. पट्टा नाकाशी नेला. काहीच नाही. पिंपळाचा वास नाही, रघूच्या चहाचा नाही, चामड्याचा नाही. त्याने मान वळवली. मागे स्टँडाच्या भिंतीशी बसलेल्या मैनाने दोन हात लांबूनच पदर नाकाला लावला होता.

जनूचे हात मांडीवर पडले.

"चंद्रावती, खाऱ्याचं काय नाय. पट्टा आतून ओला होता. मी तसंच तेल घातलं." तो थांबला. "माझं नाक गेलंय. पावसापासून."

रघूच्या हातातली किटली तशीच राहिली. चंद्रावती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मग तवा का नाय बोललास?"

जनूने पट्टा सगळ्यांसमोर मैनाकडे दिला.

"तू बघ."

मैनाने वास घेतला. "हा मेला. याला काय करू नका."

जनूने स्वतःच्या सामानातलं सर्वांत मऊ चामडं काढलं, नवा पट्टा कापला. तो भिजवला, धुतला, टांगला. रोज सकाळी मैना पट्ट्याला नाक लावायची आणि म्हणायची, "नाय, अजून." काळुराम एकदा येऊन उभ्याने बघून गेला. जनू तेलाची वाटी भरून बसायचा आणि तशीच झाकून ठेवायचा. शेवटी एका सकाळी मैना म्हणाली, "आता घाला."

पट्टा न्यायला दिशा आईच्या कडेवरच आली. फोड सुकले होते, डाग राहिले होते. जनू पट्टा बांधायला खाली वाकला तशी पोरीने पाय आखडला.

"थांब," ती म्हणाली.

तिने पट्टा त्याच्या हातातून घेतला आणि आपल्या नाकाला लावला. बराच वेळ. मग तिने जनूकडे पाहिलं नाही, मैनाकडे पाहिलं. मैनाने मान हलवल्यावरच तिने पाय पुढे केला.

जनूने बंद आवळले. पोरगी उभी राहिली, पिंपळाच्या बुंध्याला धरून एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

"कसला येतो गो वास?" जनूने विचारलं.

"कडू," दिशा म्हणाली. "आनि धुराचा."

"धुराचा," जनू म्हणाला. त्याने आपले तेलकट तळवे नाकाशी नेले आणि डोळे मिटले.