मलिद्याचं ताट

भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, गूळ आणि वेलची पडली की मला उत्तरेकडचं, खातीपुऱ्यातलं आमचं जुनं घर आठवतं.

आम्ही मूळचे कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. प्राचीन इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांचा शोध घेत फिरणारे एक विद्वान माझ्या लहानपणी एकदा त्या घरी जेवायला आले होते. सत्कारात बांधलेला साफा त्यांनी जेवतानाही उतरवला नव्हता. पुस्तकासाठी त्यांना आमचा फोटो हवा होता, आणि बाबा सकाळपासून टाय बांधून बसले होते.

शुभकार्याला आमच्याकडे प्रेषित एलियाहू हनाबींच्या नावाने हा पोह्यांचा मलिदा करतात. आईने ते ताट मधोमध ठेवलं, वर गुलाब.

"बहनजी, यह हटा दीजिए. प्रसाद जैसा लगता है. लोग मानेंगे नहीं कि आप वही खोए हुए लोग हैं," पाहुणे म्हणाले.

बाबा ताट उचलायला वाकले.

"अहो, राहू द्या," आई म्हणाली. "राज्यं बुडाली, जेरुसलेमचं मंदिर पडलं, आपला मलिदा चुकला नाही. कुणी मानावं म्हणून नाही केला." मग पाहुण्यांकडे वळून, अलिबागच्या हिंदीत, "साहेब, ताट इधरच रहेगा. अडचन होती तो आप जरा बाजू को सरको."

ते सरकले नाहीत, निघून गेले. पुस्तकात आम्ही आलो नाही, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्यांच्या हिशेबी हरवलेलं असणंच बरं.

"पप्पा, मतलब, फोटो काढू?" आज मलिद्याच्या ताटासमोर मोबाइल धरून माझी मुलगी विचारते.

"काढ. मी अर्धा आलो तरी चालेल. ताट पूर्ण येऊ दे."