चाळीस पडद्यांचं केंद्र

मी खोटं बोलत नाही. खऱ्याला जरा खाऊ-पिऊ घालतो, इतकंच. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पाहिलेला दोन हात लांबीचा मासा मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत मी सांगायला घेतला, तेव्हा तो बैलगाडीत मावेना. लोक हसतात आणि पुन्हा ऐकायला येतात. म्हणून माझ्या शाळेतल्या बाकमित्राने चोरीची सूचना देणारी यंत्रं विकायचा धंदा काढला, तेव्हा त्याला गिऱ्हाइकं मिळवून देणं माझ्या डाव्या हाताचा मळ होता.

यंत्र साधंच. दाराला एक डबी, भिंतीवर पांढरी पेटी, पेटीत सिमकार्ड. दार फोडलं किंवा पेटीवरचं लाल बटण दाबलं की पेटी केंद्राला कळवणार आणि केंद्रातून आपल्याला फोन येणार. मित्र एवढंच म्हणाला होता. पुढचं मी घातलं. केंद्रात चाळीस पडदे आहेत. समोर गणवेशातली चाळीस माणसं बसतात. एकाला शिंक आली तर शिंक होईपर्यंत शेजारचा त्याच्या पडद्यावर नजर ठेवतो. मी हे सांगत होतो आणि मित्र बाजूला उभा राहून मान डोलावत होता. सहा घरांनी यंत्र बसवलं.

सहावं घर तळमजल्यावरच्या मावशींचं. मूळच्या अर्नाळ्याच्या, आयुष्यभर मासळी विकलेल्या, आता एकट्या. त्यांच्या बहिणीची मुलगी रोज संध्याकाळी आगाशीहून बसने त्यांच्या सोबतीला यायची. यंत्र बसलं त्याच आठवड्यात मावशींनी तिला सांगून टाकलं, "आता नको येत जाऊ. माझ्यावर चाळीस मानसं बसवलीत."

मग एका सोमवारी मावशींनी मला जिन्यात अडवलं. "ती पेटी सकाळधरनं टिकटिक करते. काय बोलते रे?"

मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. "जागी आहे, असं सांगते," मी म्हणालो. त्या खूश झाल्या.

घरी आलो तर आमचीही पेटी टिकटिकत होती. पिवळा दिवा, आणि इंग्रजीत एक ओळ: केंद्राशी संपर्क नाही. म्हटलं, दुरुस्त करू आणि मग मावशींना सांगू. पेटीची वीज बंद करून चालू केली. बॅटरी काढून लावली. सिमकार्ड काढून शर्टाला पुसलं. अँटेना ग्रिलच्या बाहेर काढली, तर तिच्यावर कावळा बसला. बायको म्हणाली, "आता गच्चीवर न्या तिला, हवा लागेल." नेली. गच्चीवर रेंज अशी की चंद्रावर फोन लागला असता, पण केंद्र काही लागेना. मित्राला फोन करावा तर रोज एकच उत्तर, "नेटवर्कचा लोचा आहे रे, येईल आपोआप."

शुक्रवारपर्यंत सहाही घरांतल्या पेट्या एका सुरात टिकटिकत होत्या. सहा पेट्या एकदम बिघडत नाहीत, एवढं माझ्याही डोक्यात शिरलं. बिघाड पलीकडच्या टोकाला होता. पेटीला केंद्र गाठता येत नव्हतं, तर मीच गाठायचं ठरवलं. पावतीवर तुळिंजचा पत्ता होता.

एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. आत जागांच्या दलालीची पाटी आणि टेबलापाशी माझा मित्र. मी पडदे शोधत होतो. पडदा एकच होता, खिडकीला, आणि तोही विटलेला.

"केंद्र कुठाय?" मी विचारलं.

त्याने ड्रॉवर उघडून एक जुना फोन काढला. "हे काय."

सहा पेट्या त्या एका फोनवर कळवत होत्या. त्या फोनचा रिचार्ज संपला होता.

"मारतो आज," तो म्हणाला. "पण खरं सांगू, हल्ली मी दिवसभर जागा दाखवत फिरतो. फोन इथंच पडलेला असतो."

"आणि चाळीस माणसं?"

"ती मी कधी म्हणालो? ती तुझी होती."

"मग तेव्हा गप्प का बसलास?"

"तू इतकं झकास सांगत होतास. मध्ये कशाला तोडू?"

याच्या वरातीत मी घोड्यापेक्षा जास्त नाचलो होतो. दहावीला याला गणिताचा अख्खा पेपर दाखवला होता (त्यात दोघंही नापास झालो, तो भाग सोडा). आणि त्याने माझीच जीभ वापरून माझ्या शेजाऱ्यांना टोपी घातली. शिव्या पुष्कळ तयार होत्या, पण प्रत्येक शिवी अर्ध्या वाटेवरून माझ्याकडेच वळायला लागली. मी चहा न पिता उतरलो.

मावशी दारात बोंबील साफ करत होत्या. मी सगळं सांगितलं, एक अक्षर न वाढवता. त्या हसल्या. "एकच फोन? ड्रॉवरात? ही नाय जमली तुला."

"गोष्ट नाही ही, मावशी. खरंच सांगतोय."

"तू रोज खरंच सांगतोस."

शेवटी मी आत जाऊन पेटीवरचं लाल बटण दाबलं आणि त्यांचा फोन आणून पुढ्यात ठेवला. दोघं बघत बसलो. फोन वाजला नाही. पेटी मात्र टिकटिकत होती.

"म्हंजे ही जागी नव्हतीच," मावशी म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. अख्ख्या मासळीबाजाराचा आवाज त्यांच्या गळ्यात आहे. त्यांनी हात पुसले आणि भाचीला फोन लावला. "नाय, ताप नाय... असंच. येशील काय?" बराच वेळ पलीकडचं ऐकलं आणि फोन ठेवला. "तिनं संध्याकाळचं काम धरलंय. बघते बोलली."

"मी आहे ना वर," मी घाईने म्हणालो. "नुसती हाक मारा. दोन उड्यांत खाली येतो."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "दोन?"

"नाही," मी म्हणालो. "त्रेपन्न पायऱ्या आहेत. गुडघा दुखतो माझा. पाच मिनिटं लागतील. आणि पंखा चालू असला तर हाक ऐकू येणार नाही."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा बोंबील उचलला.