अँटेनाकाकांच्या चार अँटेना

आमच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालायचे तर आधी मान वर करून बघावं लागे. कुठली तार कुठून कुठे गेली असेल याचा भरवसा नसे. या तारा वरच्या मजल्यावरच्या काकांच्या. सगळे त्यांना अँटेनाकाका म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

काका छापखान्यात मशीनमन होते. वर्तमानपत्र छापणाऱ्या यंत्रापुढे त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. यंत्र एकदा सुरू झालं की शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही कळत नसे, त्यामुळे तिथले कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलत. शाई संपली, कागद फाटला, चहा आला, सगळं ओठांवर. असल्या धडधडाटातून घरी आलेल्या माणसाला शांतता हवी असेल असं आपल्याला वाटतं. काकांना माणसांचे आवाज हवे असायचे, आणि तेही लांबचे. तरुणपणीच परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. मागच्या खोलीत बसून बोलायचं आणि ते हवेतून थेट दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत उतरायचं, या गोष्टीचं नवल त्यांना कधी जुनं झालं नाही. काकू त्या खोलीला सवतीची खोली म्हणत आणि तिथला केर मात्र स्वतः काढत.

रेडिओवर त्यांच्या ओळखी पुष्कळ, पण जिवाचा मित्र एकच. तो फार लांब, समुद्रकाठच्या एका गावात राहायचा. दीपगृहात नोकरी करून निवृत्त झालेला. दोघांची भेट कधीच झाली नव्हती. रोज संध्याकाळी चहा झाला की काका हेडफोन चढवत आणि तासभर खोलीतून हसण्याचे आवाज येत. फोन दोघांकडेही होते. पण फोनवरच बोलायचं तर मग एवढा खटाटोप कशाला केला, असं दोघांचंही म्हणणं. काकू म्हणायच्या, "दोन म्हातारे भांडतात तरी कशावरून, तर तार आडवी बांधावी की उभी."

ते खरंच होतं. काकांचा जीव आडव्या तारेवर. तिला ते डायपोल म्हणत. मधोमध जोड दिलेली साधी तार, दोन उंच टोकांमध्ये ताणलेली. तिचं एक टोक पाण्याच्या टाकीला होतं आणि दुसरं आमच्या जिन्यावरच्या लोखंडी खांबाला. काका मला समजावून सांगत, "ही समोरचं आणि मागचं चांगलं ऐकते, टोकांकडचं ऐकत नाही. म्हणून आधी आपला माणूस कुठे आहे ते बघायचं आणि मग तिला बांधायचं." त्यांची तार मित्राच्या गावाकडे छाती करून ताणलेली होती. मित्राकडे उभी नळी होती आणि तो तिचंच गुणगान गायचा.

काका निवृत्त झाले त्यानंतर केव्हातरी हे सुरू झालं. एका संध्याकाळी ते गच्चीवरून खाली येताना मला म्हणाले, "तार गंजली वाटतं. त्याचा आवाज येतोय, पण शब्द लागत नाहीत. ओल्या कागदावर छापल्यासारखं सगळं पसरतंय."

त्यांनी तार बदलली. जोड नवा केला, खाली येणारी केबल नवी घातली. फरक पडला नाही. मग मित्राचं ऐकायचं ठरवून त्यांनी उभी अँटेना केली. अॅल्युमिनियमची एक लांब नळी, आणि तिच्या पायाशी गच्चीभर चहूकडे पसरलेल्या तारा. उभी अँटेना सगळ्या दिशांचं सारखंच ऐकते. म्हणजे मित्राचं ऐकते तसं लिफ्टच्या मोटारचंही ऐकते आणि आमच्या शिलाई मशीनचंही. काका दारात येऊन अगदी अदबीनं विचारत, "शिवण किती वेळ चालेल?" मी मशीन थांबवायची. तासाभरानं ते उतरलेल्या चेहऱ्यानं खाली येत आणि म्हणत, "चालू दे. तसाही काही उपयोग झाला नाही."

तिसरी आणली ती माशाच्या काट्यासारखी दिसणारी. तिला यागी म्हणतात. ती एकाच दिशेला तोंड करते आणि तिकडचा बारीक आवाजही ओढून आणते, बाकीच्यांकडे पाठ. वजनाला भारी, आडवीतिडवी लांब. ती चढवताना काकांचा पाय शिडीवरून सटकला आणि गुडघा चांगलाच सोलला. काकू हळद शोधत बडबडत होत्या, "या वयात हे माकडचाळे कुणी सांगितलेत? त्या माणसाला फोन करा ना सरळ."

"फोन केला होता," काका म्हणाले. "फोनवरही नीट येत नाही. त्याच्याकडची लाइन खराब आहे."

काकूंना त्यात वावगं वाटलं नाही. वाटावं तरी कसं? घरात काकांना सगळं समजत होतं. काकू समोर उभ्या राहून बोलल्या की ते उत्तर देत. मी जिन्यात भेटले की माझ्याकडे टक लावून बघत आणि थट्टा करत. आम्हाला वाटे, माणूस काय मन लावून ऐकतो. पाठमोरं असताना हाक मारली तर ओ येत नसे, पण डोक्यात अँटेना घोळत असेल असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

यागीचंही तेच झालं. रेडिओवर एक सुई असते, येणारा आवाज किती जोरदार आहे ते दाखवणारी. ती यागी लावल्यावर चांगली उडी मारत होती. काका म्हणत, "सुईचं काय, ती गोंगाटालाही हलते. शब्द कुठायत?" मग त्यांनी ती उतरवली आणि बाल्कनीत तांब्याच्या नळीचं एक मोठं कडं करून बसवलं, खोलीतल्या बटणानं फिरवता येईल असं. कड्याचा गुण असा की आजूबाजूचा खरखराट ते फारसं घेत नाही. ही चौथी. आता काका एकटेच बोलून उठत. हसण्याचे आवाज बंद झाले होते. आपला मित्र कंटाळलाय, पूर्वीसारखा मोकळा बोलत नाही, असं त्यांनी एकदा काकूंना बोलून दाखवलं.

काकांची लेक दुसऱ्या गावी औषधाच्या दुकानात काम करायची. ती रजा घेऊन आली होती. त्या संध्याकाळी मी काकूंकडे शेंगा सोलत बसले होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं. हेडफोनच बिघडला असेल असं वाटून काकांनी त्या दिवशी स्पीकर लावला होता. खोलीचं दार उघडं होतं. लेक चहा घेऊन आत गेली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली.

स्पीकरमधून एक थकलेला आवाज येत होता. मागे थोडी खरखर होती, पण शब्दन् शब्द आम्हाला बाहेर बसून कळत होता.

"गड्या, आज डॉक्टर म्हणाले आता सुया पुरे. घरीच राहा. म्हटलं बरं झालं. तुझ्याशी बोलायची वेळ तरी चुकणार नाही."

काकांनी माइक उचलला आणि म्हणाले, "अरे, आजही नुसती गुणगुण येतेय. हे कडं थोडं फिरवून बघतो. तू बोलत राहा."

पलीकडून तो म्हणाला, "फिरव बाबा. फिरव."

लेकीनं कप खाली ठेवला. ती वडिलांच्या खांद्यामागे उभी होती, तिथूनच म्हणाली, "बाबा, त्यांना काय झालंय?" काकांनी वळून पाहिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. ते कड्याचं बटण फिरवत राहिले. तेव्हा काकूंच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

लेक पुढे येऊन वडिलांच्या समोर गुडघ्यांवर बसली. "बाबा, आवाज स्वच्छ येतोय. मला सगळं ऐकू येतंय. आईलाही येतंय."

काकांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग सुईकडे, मग परत तिच्याकडे. मी त्या माणसाला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "काय म्हणतोय तो?"

तिनं सांगितलं. अवघड होतं, तरी काही गाळलं नाही.

काकांनी माइक तोंडाशी नेला आणि बोलले, "मी आहे. अरे, अँटेनेचं काही नव्हतं. माझे कान गेलेत. मला आत्ता कळलं."

"अस्सं होय," पलीकडून आवाज आला. "मला वाटलं, तुला तो विषय नको असेल. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू म्हणालास, नळी बदलून बघतो. मी म्हटलं, ज्याचं त्याचं मन. सगळ्यांना झेपत नाही असलं ऐकणं."

हे वाक्य लेकीला पुन्हा उच्चारताना जड गेलं. काकांनी ते तिच्या ओठांवरून वाचलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

लेकीनं रजा वाढवली. पुढे रोज संध्याकाळी ती रेडिओपाशी वडिलांच्या समोर बसे, ऐके आणि आवाज न करता ओठांनी सांगे. छापखान्यात जसं चाले तसंच. मित्राला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "पोरी, तुझा बाप मला मुद्दाम टाळत नव्हता, एवढं कळलं. माझं काम झालं." ते परत अँटेनांवर भांडले. उभी बरी की आडवी, यावर एकदा इतके तावातावानं की लेकीला ओठ हलवता हलवता हसू आवरेना. पण त्याचे शब्द दिवसेंदिवस कमी होत गेले. एका संध्याकाळी त्याच्या जागी त्याच्या बायकोचा आवाज आला. तिला माइकचं बटण नीट दाबता येत नव्हतं, त्यामुळे वाक्यं तुटत होती. "भावजी... सकाळीच गेले... तुमची वेळ झाली म्हणून..."

लेकीनं वडिलांकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलेनात. तिला सांगावं लागलंच नाही.

कानांची तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, यंत्राच्या आवाजानं नसा वर्षानुवर्षं झिजत गेल्यात, आता त्या भरून येणार नाहीत. कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यानं ताटवाट्या वाजल्या की काका दचकू लागले, पण रेडिओवरचे शब्द काही सुटे झाले नाहीत.

काही दिवसांनी ते गच्चीवर गेले आणि उभ्या नळीच्या पायाशी अजून पसरलेल्या तारा सोडायला बसले. मी कपडे काढायला गेले होते. त्यांना दिसावं म्हणून समोर जाऊन विचारलं, "चारांतली सगळ्यात चांगली कुठली होती, काका?"

ते तार गुंडाळत राहिले. "सगळ्या चांगल्या होत्या," म्हणाले. "प्रत्येकीनं त्याचं बोलणं माझ्या खोलीपर्यंत आणून दिलं होतं. मी एकेकीला नावं ठेवून उतरवत गेलो." मग थोड्या वेळानं, "तो इतके दिवस एकटाच बोलला गं."

मी तारेचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून ती तार गुंडाळली.

आडवी तार मात्र त्यांनी ठेवली. जाड, खालच्या पट्टीतला आवाज त्यांना अजून ऐकू येतो, म्हणून काका आता बोलत नाहीत, टिकटिक करून लघु-दीर्घ ठोक्यांनी निरोप पाठवतात आणि तशाच ठोक्यांत आलेले ऐकतात. संध्याकाळी बसतात, पण पूर्वीइतका वेळ नाही. कुणी अनोळखी माणूस उत्तर देतो. लेक सांगते, ते आता समोरच्याला अँटेना कुठली असं विचारत नाहीत. आधी तब्येत विचारतात. आणि उत्तर पहिल्यांदाच नीट कळलेलं असलं, तरी ते पुन्हा एकदा पाठवायला सांगतात.