पुठ्ठ्याची चौकट

माझा दादा दातांचा डॉक्टर. समोरच्याला तोंड उघडायला लावायचं आणि आपण अखंड बडबडायचं, हा त्याचा स्वभाव. जबड्याचा एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावला की त्यावर तो काळ्या पुठ्ठ्याची चौकट ठेवायचा. मधल्या फटीतून फक्त दात दिसत, बाकीचा उजेड डोळ्यांवर येत नसे. "आपण भले नि आपले दात भले," म्हणायचा.

वहिनीची अक्कलदाढ त्यानेच काढली. पुढे काही वर्षांनी मेंदूचा झटका येऊन ती ओट्यापाशी कोसळली, ती उठलीच नाही. तिचं कपाट आवरताना दादाला तो जुना एक्स-रे सापडला. खिडकीशी धरला, चौकटीशिवाय. जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेत, पांढरे कण होते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत साचलेला चुना.

"पुष्कळांच्या मानेत असतो रे. झटका त्यामुळेच आला असं कुणी सांगावं?" त्याचा डॉक्टर मित्र म्हणाला.

"पण मानेची सोनोग्राफी तरी केली असती ना," दादा म्हणाला आणि त्याने हाय खाल्ली.

तेव्हापासून तो माणसांच्या डोळ्यांकडे बघत नाही, मानेकडे बघतो. प्रत्येक एक्स-रेत त्याला आधी वहिनीची मान दिसते. ऊठसूट लोकांना सोनोग्राफीला पाठवतो. दात दाखवायला जावं तर हा गळा धरतो, असं लोक हसून सांगतात. बहुतेकांचं काही निघत नाही. मी चिडायचे, सोड म्हणायचे. घरात आता आम्ही दोघंच.

परवा माझी दाढ ठणकायला लागली. दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र डोक्याभोवती फिरलं. दादाने एक्स-रे पेटीवर लावला, आणि खणातून ती जुनी चौकट काढून वर ठेवली.

"हे काय रे?"

"दाढ बघतोय."

मान पुरती झाकली जाईल अशी त्याने चौकट सरकवली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"दादा, जगाच्या माना बघतोस की."

"जगाच्या बघवतात गं, चिमे."

मी चौकट उचलली. मला त्या काळ्या-पांढऱ्यातलं काही कळेना. दादाने डोळे गच्च मिटले होते.

"बघ," मी म्हणाले. "मलाही भीती वाटते. पण बघ."

त्याने डोळे उघडले. दातांकडे पाहिलंच नाही. बऱ्याच वेळाने त्याची गार बोटं माझ्या मानेवर, डाव्या बाजूला टेकली.

"उद्या सोनोग्राफीला जाऊ. मी येतो बरोबर."

"आणि दाढ?"

"ठणकू दे तिला."